मीठ एकदाच

एकदा एक बाई आपल्या गुरूंवर रुसली. खरे तर तिचे रुसण्याचे वय नव्हते. पन्नाशी उलटलेली, घरात सासूबाई, यजमान, जाऊ असा भरला संसार आणि गावात शब्दाला मान. पण रुसली खरी, आणि तीही अशी की पुढचे दोन गुरुवार ती देवळाकडे फिरकलीच नाही.

तिचे नाव हेमलता. नदीकाठच्या त्या लहान गावात देवीचे जुने देऊळ होते आणि देवळाच्या ओवरीत एक वृद्ध साधक राहत. सारा गाव त्यांना बुवा म्हणे. दर गुरुवारी संध्याकाळी चार माणसे त्यांच्यापुढे जमत. बुवा थोडे बोलत, पुष्कळ ऐकत आणि उठताना प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत. इतर बुवांप्रमाणे त्यांनी मठ काढला नाही, फोटो लावला नाही, म्हणून फार गर्दी कधी झाली नाही. हेमलता मात्र त्यांची जुनी शिष्या. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून तिचा गुरुवार चुकला नव्हता.

रुसव्याला कारणही तसेच घडले. तिची एकुलती एक लेक ऋजुता बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आदल्या वर्षी ऋजुताचे पोटातले मूल चौथ्या महिन्यातच गेले होते. त्यामुळे या खेपेला सात महिने सुखरूप पार पडले आणि आठवा लागला, तरी हेमलताचा जीव टांगणीलाच होता. लेक आल्याच्या पहिल्याच गुरुवारी ती बुवांपुढे बसली आणि तिला रडूच कोसळले.

"बुवा, देवीला सांगा, माझ्या लेकीचं सगळं नीट होऊ दे."

बुवा काठी टेकत उठले, गाभाऱ्याशी गेले आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "सांगितलं."

त्या एका शब्दाने हेमलताचे ओझे उतरले. कित्येक दिवसांनी ती शांत झोपली. पण सकाळी उठून चहा ठेवते तोच काळजी पुन्हा मनात येऊन बसली, जणू रात्रीपुरती बाहेर गेली होती. पुढच्या गुरुवारी तिने विचारले, "बुवा, पुन्हा एकदा सांगता का देवीला?"

"ते झालं. दुसरं काही असेल तर बोल."

तिला वाटले, वयामुळे त्यांना नीट ऐकू आले नसेल. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिने पुन्हा विनवले. तेव्हा बुवा म्हणाले, "हेमलता, सांगून झालंय," आणि खुशाल शेंगा सोलू लागले.

यावर ती रुसली. घरी येऊन यजमानांना म्हणाली, "एवढ्या वर्षांची सेवा, आणि माझ्या लेकीसाठी दोन वेळा हात जोडवत नाहीत त्यांना. हात जोडायला काय जातं?" यजमान स्वभावाने शांत. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले आणि त्यातच आपले मत गुंडाळून ठेवले.

गुरू ऐकत नाहीत म्हटल्यावर हेमलताने कारभार आपल्या हाती घेतला. तिने डोंगरावरच्या खंडोबाला नवस बोलला, नदीपलीकडच्या मारुतीला बोलला, आणि मारुती ब्रह्मचारी, त्याला बाळंतपणातले काय कळणार, अशी शंका आल्यावर शेजारच्या गावातल्या सटवाईलाही बोलला. कुणी अंगारा दिला, कुणी मंतरलेला दोरा दिला. सगळे ऋजुताच्या दंडावर चढले. ऋजुता मोठी हसरी मुलगी. ती म्हणाली, "आई, वटपौर्णिमेच्या बायका आता मलाच फेऱ्या मारतील."

पण दोऱ्यांचे काही नव्हते, दोरे मुकाट असतात. हेमलताचा प्रश्न मुका नव्हता. सकाळी दूध देताना ती विचारी, "हललं का गं बाळ?" आंघोळीचे पाणी काढताना विचारी, जेवताना विचारी. ऋजुता जरा डुलकी घेऊ लागली की कपाळावर हात ठेवून हळूच विचारी, आणि डुलकी मोडली की स्वतःच हळहळे. ऋजुताने सुरुवातीला कौतुकाने उत्तरे दिली. मग ती नुसती मान हलवू लागली. मग तर बाळाकडे लक्ष न देताच "हो" म्हणू लागली. तिच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू आटले, आणि हेमलताला ते दिसले तेव्हा तिने त्याचाही अर्थ लावला की पोरीच्या जिवाला नक्कीच काहीतरी होते आहे.

चैत्र लागला होता. घरात गौर बसली होती आणि येत्या शुक्रवारी हळदीकुंकू ठरले होते. त्याच आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना हेमलताने बाहेर ऋजुताचे बोलणे ऐकले.

"बाबा, शुक्रवारचं हळदीकुंकू झालं की तिकीट काढा, मला सासरी सोडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून प्रवासाला हरकत नाही. बाळंतपण तिकडेच करीन म्हणते."

"का गं? इथे काही कमी पडतंय?"

"कमी नाही, बाबा. जास्त पडतंय. आई विचारते ना, हललं का, तेव्हा दर वेळी मला वाटतं की खरंच काहीतरी चुकलंय आणि ते तिला कळलंय, मलाच कळत नाहीये. मला भीती वाटते तिची. हे भीतीचं तिला सांगू नका तुम्ही."

सांगायची गरजच उरली नव्हती. हेमलताची पोळी तव्यावर करपून काळी झाली तरी तिचा हात पुढे झाला नाही. जिच्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा चालला होता, तीच आपल्यापासून दूर जाऊ पाहत होती. ते ऐकून तिला वाईट वाटले आणि रागही आला, पण राग नेमका कुणाचा ते तिला ठरवता येईना.

त्याच दुपारी फाटकाशी बुवा उभे दिसले. खांद्यावरच्या पिशवीत कैऱ्या होत्या. "देवळामागच्या झाडाच्या आहेत," ते म्हणाले, "यंदा चांगल्या आंबट आहेत. म्हटलं, तुझं हळदीकुंकू आहे."

"हळदीकुंकू करत नाहीये मी या वर्षी," हेमलता तुटकपणे म्हणाली. "माझं मन थाऱ्यावर नाही."

"मन नसू दे थाऱ्यावर. गौरीला घरी आणून बसवलंस, तिला काही खाऊ न घालता परत पाठवणार का?" बुवांनी पिशवी पायरीवर ठेवली. "शुक्रवारी चारला येतो. नैवेद्य मी दाखवीन. डाळ मात्र तुझ्या हातची हवी."

गुरूंवर रुसता येते, पण दारी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणे हेमलताच्या हाडात नव्हते.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे लागते, हे वाचकांना सांगायला नको. डाळीत काही अवघड नाही. हरभऱ्याची डाळ सकाळी भिजत घालावी, चारपाच तासांनी जाडसर वाटावी, त्यात कैरीचा कीस, हिरवी मिरची, ओले खोबरे, मीठ, चवीला साखर घालावी आणि वर मोहरी-हिंगाची गार केलेली फोडणी ओतावी. शिजवणे नाही की तळणे नाही. अवघड आहे ते एकच. गौरीला नैवेद्य दाखवेपर्यंत करणारीने ती चाखायची नाही. बोटाला लागली तरी बोट धुवायचे, चाटायचे नाही. हेमलताच्या घरी हा नियम फार कडक. तिच्या सासूबाई तर नैवेद्याच्या स्वयंपाकाचा वासही दीर्घ श्वासाने घेऊ देत नसत. त्यामुळे त्या घरातल्या बायका मीठ घालत ते अंदाजाने, आणि गौरीवर हवाला ठेवून.

शुक्रवारी सकाळपासून हेमलता कामाला लागली. मोठे पातेले भरून डाळ झाली. तिने मीठ घातले. तेवढ्यात माजघरात ऋजुता खोकली, म्हणून ती हातातला चमचा ठेवून धावत गेली. "काय गं, काय झालं? हललं का?" ऋजुताने भिंतीकडे पाहत "हो" म्हटले. हेमलता परत आली, पातेल्यासमोर उभी राहिली, आणि आपण मीठ घातले की नुसते घालायचे ठरवले, हे तिला काही केल्या आठवेना. चाखून पाहायची सोय नाही. पाहुण्या बायकांपुढे अळणी डाळ ठेवणे बरे दिसत नाही, असा विचार करून तिने मीठ घातले. मग ती आरास करायला बाहेरच्या खोलीत गेली. दुपारभर घरातल्या आणि शेजारच्या बायका स्वयंपाकघरातून जात-येत राहिल्या.

ठरल्या वेळी बुवा आले. गौरीपुढे पाण्याचे मंडल काढून त्यांनी डाळीची वाटी ठेवली, नैवेद्य दाखवला, आणि मग प्रसाद म्हणून सगळ्यांच्या हातावर चमचा चमचा डाळ पडली. हेमलताने ती तोंडात टाकली मात्र, तिचे डोळेच विस्फारले. डाळ खारट नव्हती, ती मिठात कालवलेली डाळ होती. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. जाऊ कुंदा कलिंगडाच्या फोडीकडे झेपावली. शेजारच्या बिवलकरकाकूंनी घास गालात तसाच ठेवला आणि त्या छताकडे पाहू लागल्या. बुवांनी मात्र आपला घास शांतपणे चावून खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायले आणि विचारले, "मीठ कुणी घातलं?"

"मी," हेमलता कशीबशी म्हणाली. "दोनदा पडलं वाटतं माझ्याकडून."

"दोनदानं एवढं होत नाही."

 मग सासूबाईंनी घसा साफ केला. "मी जरासं टाकलं होतं. म्हटलं, हिचं सगळं लक्ष पोरीत, ही नक्की विसरली असणार."

"अगंबाई, मीपण," कुंदा म्हणाली. "मला वाटलं, वहिनी काळजीत आहेत, कशाला विचारून त्रास द्या. मुकाट्यानं टाकावं."

सगळ्या बिवलकरकाकूंकडे पाहू लागल्या. त्या फक्त पन्हे गाळायला म्हणून आल्या होत्या. गालातला घास कसाबसा गिळून त्या म्हणाल्या, "माझा हात मोठा आहे हो. पण मन स्वच्छ होतं."

सोफ्यावर बसलेली ऋजुता आधी फिसकन हसली आणि मग तिला हसू आवरेनाच. पोटाला हात लावून ती हसत राहिली. तिला पाहून कुंदा हसली, काकू हसल्या, सासूबाईही पदराआड हसल्या. हेमलताला मात्र रडू येत होते. तासाभरात बायका यायला लागतील आणि पातेलेभर डाळ वाया गेलेली. ती गौरीपुढे खाली बसली आणि म्हणाली, "बघा बुवा, माझ्या हातून आता धड डाळसुद्धा होत नाही. देवीला मी काय खाऊ घातलं हे?"

बुवा तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"देवीला चौघींची माया मिळाली, ती रागावायची नाही. पण मला सांग, डाळ बिघडली कशानं? तुमच्यापैकी एकीचंही मन वाईट नव्हतं. प्रत्येकीनं काळजीपोटीच घातलं. फक्त आधी घातलेलं आहे, यावर एकीचाही भरवसा नव्हता. तुझा तर तुझ्याच हातावर नव्हता. अगं, मीठ एकदाच घालायचं असतं आणि मग हात मागे घ्यायचा असतो. तो मागे घेतलेला हात, त्यालाच मी श्रद्धा म्हणतो. तू मला देवीला सांगायला सांगितलंस, मी सांगितलं. पुन्हा सांगायला गेलो असतो तर पहिलं तिनं ऐकलंच नाही, असा त्याचा अर्थ झाला असता."

हेमलताने मान वर केली. इतके दिवस जे कुणालाच सांगितले नव्हते ते तिच्या तोंडून निघाले. "पण बुवा, मागल्या खेपेला मी निर्धास्त होते. एकदाही विचारलं नाही तिला. लोणची घालत बसले होते. आणि फोन आला."

माजघरापर्यंत ऐकू जाणारे हसणे एकदम थांबले. ऋजुता आईकडे पाहत राहिली. हे तिला ठाऊक नव्हते.

"ते मूल तुझ्या निर्धास्तपणानं गेलं नाही," बुवा सावकाश म्हणाले. "आणि हे तुझ्या काळजीच्या जोरावर राहिलेलं नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, मी तुला खोटं सांगणार नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख चुकवू नकोस, गोळ्या चुकवू नकोस, पोरीला काही वेगळं वाटलं तर त्याच पावली तिला घेऊन जा. तेवढं मीठ घालायलाच हवं, ते नाही घातलं तर मी स्वतः तुला रागवायला येईन. पण गावातून कानावर येतं, ते घातल्यावरही दिवसभर विचारून विचारून जे घालत बसतेस ना, ते पडतंय तुझ्या लेकीच्या पानात. आणि ती बिचारी मुकाट्यानं खातेय."

 हेमलताने लेकीकडे पाहायचे टाळले, कारण पाहिले असते तर दोघींना रडू आले असते, आणि सणाच्या दिवशी गौरीपुढे रडायची त्या घरात पद्धत नव्हती.

बोलायचे ते बोलून झाल्यावर बुवांनी प्रश्न टाकला, "आता पातेल्याचं काय करायचं?" हा प्रश्न सासूबाईंच्या अखत्यारीतला होता. त्या कमरेला पदर खोचून उठल्या. "मुगाची डाळ लवकर भिजते. गरम पाण्यात घाल कुंदा, दोन मोठ्या वाट्या. काकू, तुमच्या हाताला मोठेपणा आहे ना, मग काकड्या कोचा. आणि नारळ फोडा आणखी एक." पाहता पाहता स्वयंपाकघरात पुन्हा लगबग सुरू झाली. डाळीत भिजलेली मुगाची डाळ पडली, काकडी पडली, खोबरे पडले, पातेले पुरेना म्हणून दुसरे काढावे लागले. आता नैवेद्य होऊन गेलेला, त्यामुळे सगळ्याजणी दर मिनिटाला चाखून पाहत होत्या. मिठाच्या बरणीला मात्र कुणी हात लावला नाही. सासूबाईंनी ती कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली होती.

संध्याकाळी बायका आल्या. अत्तर लागले, हळदीकुंकू झाले, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. डाळीच्या वाट्या हातोहात संपल्या. "डाळीत काकडी? ही काय नवीन तऱ्हा?" असे एकीने विचारले, तर बिवलकरकाकू गंभीरपणे म्हणाल्या, "आमच्याकडे अशीच करतात, पूर्वीपासून." दोघीतिघींनी तर कृतीही विचारून घेतली, आणि काकूंनी ती, पहिला भाग वगळून, सविस्तर सांगितली.

शेवटची बाई गेली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई ओसरीवर टेकल्या, कुंदा वाट्या विसळू लागली. ऋजुता गौरीच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. हेमलता तिच्यासाठी ताकाचे भांडे घेऊन आली. दाराशी येताच प्रश्न तिच्या जिभेवर येऊन उभा राहिला, कारण बुवा आल्यापासून तो विचारलाच गेला नव्हता. लेकीचा चेहराही थोडा ओढलेला दिसत होता. हेमलताने गौरीकडे पाहिले. मग ताक लेकीच्या हातात दिले आणि म्हणाली, "पाय दाबू का गं? सुजलेत जरा."

ऋजुता "दाब" म्हणाली आणि वाट पाहत राहिली. आईचा प्रश्न येणार, हे तिला इतके पाठ झाले होते की उत्तर तिच्या ओठांवर तयार होते. हेमलता खाली बसून तिचे पाय दाबू लागली. मध्येच तिचा हात थबकायचा, ओठ हलायचे, आणि ती पुन्हा दाबू लागायची. किती जड जात होते ते दिसतच होते. पण प्रश्न आला नाही. ताक संपले तरी आला नाही.

ऋजुताने भांडे खाली ठेवले. तिने वाकून आईचा हात उचलला आणि तो आपल्या पोटावर, डाव्या बाजूला, नेमका ठेवला.

"बघ, सारखं चाललंय मघापासून. डाळ आवडलेली दिसतेय."

हेमलताने हात दाबला नाही, चाचपला नाही, जसा ठेवला होता तसाच राहू दिला. आतून एक ढुशी बसली, आणि थोड्या वेळाने दुसरी, चांगली ठसठशीत. इतक्या दिवसांत तिने हजारदा विचारले होते, पण एकदाही हात लावून पाहिले नव्हते. विचारण्यातून तिला सवडच झाली नव्हती.

"आई," ऋजुता म्हणाली, "बाबांना सांग, तिकीट काढू नका म्हणावं."

"सांगते सावकाश," हेमलता म्हणाली, आणि हात न काढता तशीच बसून राहिली.